चिखलाच्या जंगलवाटेवर स्पोर्ट क्वाड वारंवार तापते: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

स्पोर्ट क्वाड, म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी, मोकळ्या, कोरड्या ट्रॅकवर तासभर ताणून पळवली तरी काही होत नाही. तीच गाडी झाडीतल्या चिखलवाटेला लावली की पंधरा-वीस मिनिटांत उकळते. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) भरलं, थंड होऊ दिली, पुढच्या फेरीला पुन्हा तेच. वॉटर-कूल्ड, मॅन्युअल क्लच आणि चेन असलेल्या कुठल्याही स्पोर्ट क्वाडला हा त्रास होऊ शकतो, मग ती ४५० सीसीची असो की ७०० ची. लक्षणं साधारण अशी असतात:

- ओव्हरफ्लो बाटलीतून किंवा तिच्या नळीतून वाफ, गोडसर वासाचा फवारा.
- तापमानाचा दिवा हळू चालवताना लागतो, मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की विझतो.
- पिकअप मरतो, इंजिन जड वाटतं, आयडलिंग वरखाली होतं.
- गरम असताना बंद केली तर पुन्हा चालू व्हायला नखरे करते, थंड झाल्यावर मात्र लगेच चालू होते.
- रेस वाढते पण गाडी त्या मानाने सरकत नाही, क्लच लिव्हरचं प्ले (दाबताना सुरुवातीला लागणारी मोकळी हालचाल) वाटेतच बदलतं.
- दर फेरीला कूलंट थोडं कमी होतं, पण खाली थेंब सापडत नाही.

एक फरक आधीच ओळखून ठेवा. पाण्याचा खड्डा ओलांडला आणि त्याच क्षणी इंजिन गुदमरून बंद पडलं, तर ते तापणं नव्हे. एअरबॉक्समध्ये (एअर फिल्टरच्या डब्यात) पाणी गेलेलं असतं, किंवा कार्ब्युरेटरच्या व्हेंट नळ्यांची टोकं पाण्याखाली बुडून फ्लोट बाउलमध्ये (कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या वाटीत) हवा जाणं थांबलेलं असतं. त्यावर उपाय वेगळा: व्हेंट नळ्यांना टी-जोड लावून एक टोक पेट्रोल टाकीखाली वर घ्यायचं आणि एअरबॉक्सचं झाकण जागेवर ठेवायचं. इथे बोलायचंय ते हळूहळू वाढत जाणाऱ्या उष्णतेबद्दल.

मुळात होतं काय

स्पोर्ट क्वाडचा रेडिएटर वेगाच्या वाऱ्यावर भरवसा ठेवून बसवलेला असतो. पुढच्या दोन चाकांच्या मधोमध, बऱ्यापैकी खाली, समोरून येणारा वारा थेट अंगावर घेणारा. जंगलवाटेवर वेग ताशी १०-१५ किलोमीटर, म्हणजे वारा जवळजवळ नाहीच. त्यात इंजिन चिखल ओढत असतं, क्लच अर्धा दाबलेला असतो आणि पुढची चाकं रेडिएटरवर चिखल उडवत असतात. उष्णता जास्त तयार होते आणि बाहेर पडायची वाट बंद होत जाते. त्यामुळे दोष बहुतेक वेळा इंजिनच्या बाहेर सापडतो. हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) उघडण्याचा विचार अगदी शेवटी. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावलाय: आधी फुकटातलं, मग स्वस्तातलं, मग हात काळे करणारं.

१. रेडिएटरच्या पाकळ्या (फिन्स)

नुसतं समोरून बघून "स्वच्छ आहे" म्हणू नका. अंधारात किंवा सावलीत रेडिएटरच्या मागे टॉर्च धरा आणि समोरून बघा. चांगल्या रेडिएटरमधून प्रकाश बारीक जाळीसारखा सगळीकडून झिरपतो. काळे पट्टे दिसतात तिथे चिखल पाकळ्यांच्या आत जाऊन वाळलेला असतो. हा चिखल वरून दिसत नाही, कारण वरचा थर धुतला जातो आणि आतला विटेसारखा घट्ट होतो. असा भाग असून नसल्यासारखा.

धुताना पाणी मागून पुढे मारायचं, म्हणजे इंजिनकडून बाहेरच्या दिशेने. समोरून मारलं तर गाळ आणखी आत ठोकला जातो. आधी पूर्ण कोअर (पाकळ्या-नळ्यांचा मधला भाग) भिजवा, १०-१५ मिनिटं तशीच ठेवा, मग साध्या नळाच्या पाइपने सावकाश धुवा. हे दोन-तीनदा करावं लागतं. समोरून निघणारं पाणी तपकिरीऐवजी स्वच्छ यायला लागलं की टॉर्च पुन्हा लावून बघा. प्रेशर वॉशर इथे वापरूच नका. पाकळ्यांचा पत्रा इतका पातळ असतो की जवळून मारलेला एक झोत बराच भाग आडवा झोपवतो, आणि झोपलेली पाकळी म्हणजे बंद झालेलं दार. वाकलेल्या पाकळ्या प्लॅस्टिकच्या बारीक पट्टीने किंवा पाकळ्यांच्या खास कंगव्याने एकेक सरळ करा. स्क्रूड्रायव्हरचं टोक नको, नळीला भोक पडतं.

रेडिएटरसमोरची संरक्षक जाळीही बघा. बारीक भोकांची जाळी दगडापासून वाचवते, पण चिकट चिखलात दोन मिनिटांत लिंपून निघते आणि मग रेडिएटर कितीही स्वच्छ असला तरी उपयोग नाही. चिखलासाठी मोठ्या भोकांची किंवा आडव्या पट्ट्यांची गार्ड घ्या. बंपरवर बांधलेली पिशवी, नंबर प्लेट, जादा दिवे हे सगळं वाऱ्याच्या वाटेतून काढा.

खरा फरक पडतो तो चिखल रेडिएटरपर्यंत पोहोचूच न दिल्याने. स्पोर्ट क्वाडचे पुढचे फेंडर आखूड असतात. रुंद फेंडर बसवा, किंवा दोन्ही बाजूंना फ्रेम आणि ए-आर्मच्या (पुढचं चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याच्या) मधल्या मोकळ्या जागेत ३ मिलिमीटर जाडीची रबर शीट कापून झिप-टायने बांधा. बांधल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दाबून बघा, रबर टायरला किंवा शॉकला घासता कामा नये. हा सगळ्यांत स्वस्त बदल आहे, आणि चिखलासाठी तयार करायच्या गाडीवर तो सगळ्यांत आधी करावा असं माझं ठाम मत आहे.

२. कूलंट: किती, कसलं आणि आत हवा अडकली आहे का

कॅप फक्त थंड इंजिनवर उघडायची. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं. कॅप उघडताच त्याचा स्फोटासारखा फवारा तोंडावर येतो. किमान अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा होज हाताने दाबून बघा. मऊ लागला आणि गरम नसला तरच कापड धरून कॅप फिरवा.

रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला हवा. बाटलीतली पातळी बघून समाधान मानू नका, कारण कॅप खराब असेल तर बाटली भरलेली राहते आणि रेडिएटर आत रिकामा होत जातो.

मिश्रण निम्मं निम्मं: इथिलीन ग्लायकॉल कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी. हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळतं, नुसतं पाणी १०० ला. वाटेत नुसतं पाणी भरून परत येणं ठीक, पण ते तसंच ठेवलं तर पुढच्या फेरीला लवकर उकळेल आणि ॲल्युमिनियम आतून गंजायला लागेल. उलट, कूलंट जास्त घातलं की जास्त थंड, हाही गैरसमज आहे. ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. ॲल्युमिनियम इंजिनसाठी असलेलं, सिलिकेट नसलेलं कूलंट घ्या. सिलिकेट वॉटर पंपाचा सील घासतं.

कूलंट बदलल्यानंतर लगेच तापायला लागली असेल तर आत हवा अडकली आहे असं धरून चाला. गाडीचं पुढचं तोंड उंचावर करा, कॅप काढलेली असतानाच थंड इंजिन चालू करा, होज हाताने दाबत राहा. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत वरून भरत जा. हेडवर किंवा पंपाजवळ ब्लीड बोल्ट असेल तर तो थोडा ढिला करून अखंड धार येईपर्यंत थांबा, मग आवळा.

३. रेडिएटर कॅप

छोटी वस्तू म्हणून सगळे हिच्याकडे दुर्लक्ष करतात. बऱ्याच क्वाडवर कॅप १.१ बारच्या आसपास दाब धरते आणि त्या दाबामुळे मिश्रणाचा उत्कलनबिंदू वीसेक अंशांनी वर जातो. रबर कडक झालं, त्याला चीर गेली किंवा त्यावर वाळूचा कण बसला की दाब टिकत नाही, आणि एरवी सहज सोसलं असतं त्या तापमानाला गाडी उकळते. "गळती नाही पण कूलंट कमी होतं" या तक्रारीचं कारण कितीदा तरी इथेच निघतं.

रबरावर बोट फिरवा, गळ्याची कड पुसून ओरखडे बघा, मधला छोटा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह नखाने ओढून मोकळा हलतो का बघा. तो अडकला तर थंड होताना बाटलीतलं कूलंट परत आत ओढलं जात नाही. बाटलीची नळी चिखलाने बंद झाली किंवा कुठे चेपली, तरी हेच होतं. शंका असेल तर त्याच दाबाची नवी कॅप लावा. जास्त दाबाची कॅप लावून प्रश्न सुटत नाही. उकळणं थोडं पुढे ढकललं जातं आणि ताण जुन्या होजवर आणि पंपाच्या सीलवर येतो.

४. फॅन

काही स्पोर्ट क्वाडना मुळातच फॅन नसतो. अशी गाडी जंगलात हळू चालवायची असेल तर फॅन किट ही चैन नाही, गरज आहे. फॅन आहे पण गाडी तापते, अशा वेळी हा क्रम ठेवा:

फ्यूज बघा. मग फॅनचं पातं बोटाने फिरवा, इग्निशन बंद असताना. अडखळलं किंवा खरखरलं तर मोटरच्या बेअरिंगमध्ये चिखल गेलाय. मोकळं फिरत असेल तर कनेक्टर सोडवून थेट बॅटरीवरून १२ व्होल्ट द्या. फिरला तर मोटर ठीक, दोष वायर, अर्थ किंवा थर्मोस्विचमध्ये (ठरावीक तापमानाला फॅन चालू करणाऱ्या स्विचमध्ये) आहे.

फिरताना रेडिएटरसमोर पातळ कागदाचा तुकडा धरा. फॅन रेडिएटरच्या मागे बसवलेला असेल तर कागद जाळीकडे ओढला जायला हवा. कागद उडून लांब गेला, तर वायर उलट जोडल्या आहेत: फॅन समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या विरुद्ध फुंकतोय आणि इंजिनची गरम हवा रेडिएटरवर आणतोय. स्वतः किट बसवलेल्या गाड्यांवर ही चूक हमखास दिसते.

दोन वायरचा साधा थर्मोस्विच असेल तर त्याचा कनेक्टर काढून दोन्ही टोकं वायरच्या तुकड्याने जोडा. फॅन लागला तर स्विच खराब आहे, किंवा त्याच्या पिना हिरव्या पडल्यात. स्विच काढून पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसोबत तापवा आणि मल्टिमीटर लावून कुठल्या अंशाला जुळतो ते बघा. आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला हवा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत फॅन ईसीयू (इंजिनचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) चालवत असेल, तर तिथे वायर जोडून बघण्याचा प्रयोग करू नका.

सगळे कनेक्टर उघडून वाळवा, पिना साफ करा, डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावा. चिखलाचं पाणी तांब्याच्या तारेत इन्सुलेशनखालून वर चढतं. बाहेरून वायर नवी दिसते, आत तार काळी पडलेली असते.

आता विजेचा हिशेब. छोटा फॅन साधारण ३ ते ५ अँपिअर ओढतो. स्पोर्ट क्वाडचा स्टेटर (इंजिनवर वीज तयार करणारा भाग) मुळात बेताचा, आणि हळू वाटेवर आरपीएम कमी म्हणून चार्जिंग आणखी कमी. फॅन आणि दिवे लावून, इंजिन थोड्या रेसवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. १३ च्या वर राहिलं तर बरं. १२.६ च्या खाली घसरत असेल तर फॅन बॅटरी खातोय, आणि काही वेळाने गाडीही बंद पडेल, फॅनही. हॅलोजन बल्ब काढून एलईडी लावले की बरीच वीज मोकळी होते.

फॅनला हाताने चालू-बंद करायचं बटण असावं. चालू करण्याइतकंच बंद करण्यासाठी. खोल पाण्यात उतरण्याआधी फॅन बंद करा. फिरतं पातं पाण्यावर आपटलं की पुढे वाकून रेडिएटरच्या पाकळ्या खरवडतं किंवा फ्यूज उडतो. बाहेर आल्यावर लगेच पुन्हा चालू.

५. गाडीला मागे कोण धरतंय?

इंजिनला उगाच जास्त काम पडत असेल तर रेडिएटर बिचारा काय करणार. मागची चाकं जॅकवर उचला, न्यूट्रलमध्ये हाताने फिरवा. एका ढकलण्यात जेमतेम पाव फेरी फिरून थांबत असेल तर ब्रेक धरून राहतोय. कॅलिपरच्या पिनांवर चिखल वाळला की पॅड मागे सरकत नाहीत. पाच मिनिटं ब्रेक न लावता चालवून डिस्कजवळ हात न्या, स्पर्श न करता. धग लागली तर कॅलिपर सोडवा, पिना साफ करा, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा.

चेन चिखलात आपोआप ताठ होते, कारण स्प्रॉकेटच्या दातांमध्ये गाळ भरून चेन वर उचलली जाते. गॅरेजमध्ये बरोबर ठेवलेला ढिलेपणा वाटेवर उरत नाही. म्हणून चिखलासाठी मॅन्युअलने दिलेल्या पल्ल्यातला ढिला आकडा धरा, आणि चालक बसलेला असतानाही चेन ताठ होत नाही ना, बघा. पुढच्या स्प्रॉकेटचं बंद कव्हर काढून उघड्या धाटणीचं केस-सेव्हर (चेनपासून इंजिनचं कवच वाचवणारी छोटी गार्ड) लावलं तर गाळ बाहेर पडायला वाट मिळते. बंद कव्हरच्या आत तो दाबून दाबून दगडासारखा होतो.

६. गिअरिंग आणि क्लच

इथे जरा थांबून हिशेब करा, कारण चिखलासाठी केलेल्या बदलांनीच गाडी तापायला लागल्याची उदाहरणं याच ठिकाणी जास्त सापडतात.

मागे २० इंची टायर काढून २२ इंची, खोल नक्षीचे टायर लावले. गाडी उंच झाली, पकड आली, सगळं छान. पण चाक १० टक्के मोठं झालं म्हणजे गिअरिंग १० टक्के लांब झालं. पहिला गिअर आता पूर्वीसारखा सावकाश चालत नाही. चालक नकळत क्लच अर्धा दाबून ती कसर भरून काढतो. हाफ क्लचवर घासणाऱ्या प्लेटांची सगळी उष्णता ऑइलमध्ये जाते, आणि बऱ्याच गाड्यांत तेच ऑइल इंजिनचंही असतं.

आकड्यांत बघा. पुढच्या स्प्रॉकेटला १४, मागच्याला ३८ दात असतील तर गुणोत्तर ३८ ÷ १४ = २.७१. मोठ्या टायरमुळे ते प्रत्यक्षात २.७१ ÷ १.१ = २.४७ इतकं उरतं. पुढचं स्प्रॉकेट १३ दातांचं केलं की ३८ ÷ १३ = २.९२, आणि टायरचा भाग वजा जाता २.६६. म्हणजे जवळजवळ मूळ जागी. त्यासोबत मागेही ४० दात केले तर २.८०, म्हणजे गिअरिंग मुळापेक्षाही थोडं छोटं (गुणोत्तर वाढलं की गाडी हळू पण जोरात ओढते), आणि झाडीत हेच हवं असतं.

पुढचा एक दात कमी करणं हे मागचे जवळपास तीन दात वाढवण्याच्या बरोबरीचं. सुरुवात पुढच्यापासून करा. स्वस्त आहे, पटकन होतं, आणि मागचं स्प्रॉकेट खाली जास्त लोंबत नाही. मोठं मागचं स्प्रॉकेट खुंटांवर आणि दगडांवर आपटतं. पुढचं लहान केल्यावर स्विंगआर्मवरचा (मागचं ॲक्सल धरणाऱ्या आर्मवरचा) चेन स्लायडर मात्र लवकर झिजतो, त्यावर लक्ष ठेवा.

क्लच घसरतोय का, ते ओळखायला सपाट कोरड्या जागी तिसऱ्या-चौथ्या गिअरवर कमी वेगात एकदम थ्रॉटल द्या. आरपीएम उडी मारतं आणि वेग मागे राहतो, तर घसरतोय. आधी लिव्हरचं मोकळं प्ले बघा. साधारण १० मिलिमीटर तरी हवं, नक्की आकडा मॅन्युअलचा. प्ले नसेल तर क्लच कायम किंचित दाबलेलाच राहतो. केबलमध्ये चिखल गेला असेल तर लिव्हर सोडल्यावर सुस्त परततो, अशी केबल बदला. ऑइल जासो (ओल्या क्लचच्या मोटारसायकल ऑइलसाठीचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ दर्जाचंच हवं. कारसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात, ते ओल्या क्लचला घसरवतात.

ऑइल काढल्यावर जळका, उग्र वास आला आणि त्यात काळा गाळ दिसला तर प्लेटा उघडाव्या लागतील. फ्रिक्शन प्लेटची जाडी आणि स्प्रिंगची लांबी मोजून मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडा. स्टील प्लेट काचेवर ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. वाकडेपणाची मर्यादा बहुतेक मॉडेलना ०.१ ते ०.२ मिलिमीटर असते. निळ्या पडलेल्या प्लेटा परत घालू नका. नव्या फ्रिक्शन प्लेटा बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजवून ठेवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच दिवशी जळतात.

७. हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ झालंय का

एअरबॉक्सचं झाकण काढलं किंवा मोकळा सायलेन्सर लावला आणि कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं) मूळचेच राहिले, तर हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं, इंजिन जास्त तापतं. खूण अशी की थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट आवाज, आणि स्पार्क प्लगचं पोर्सेलिन पांढरंफटक. चिखलासाठी मला झाकण लावलेलंच बरं वाटतं. थोडी ताकद जाते, पण फिल्टर कोरडा राहतो.

कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधल्या रबर बूटला चीर गेली तरी मिश्रण पातळ होतं. थंड इंजिन आयडलवर ठेवून बूटच्या जोडांवर पाण्याचा बारीक फवारा मारा. आयडल बदललं तर गळती तिथेच आहे. यासाठी पेट्रोल किंवा ज्वलनशील स्प्रे कशाला, पाण्याने काम होतं.

८. आतलं कूलंट फिरतंय का

बाहेरचं सगळं ठीक असूनही तापत असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. रेडिएटरला येणारा आणि तिथून निघणारा होज, दोन्हींवर काळी टेप चिकटवून तिच्यावर मोजा. उघड्या चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र चुकीचा, कमी आकडा दाखवतं.

गरम इंजिनवर दोन्ही होज जवळजवळ सारखेच तापलेले असतील, तर कूलंट फिरतंय पण रेडिएटर उष्णता टाकत नाहीये. मुद्दा १ आणि ४ कडे परत जा. येणारा होज भाजणारा आणि निघणारा बराच थंड असेल तर प्रवाहच मंद आहे: थर्मोस्टॅट असेल तर तो अडकलाय, पंपाचं पातं झिजलंय किंवा रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदल्यात. रेडिएटरच्या तोंडावर एखादाच पट्टा थंड लागला तर तेवढ्या नळ्या बंद आहेत.

थर्मोस्टॅट पाण्यात उकळून बघता येतो. त्यावर कोरलेल्या अंशाला उघडायला लागला पाहिजे. तो काढून टाकून चालवणं हा उपाय नाही.

पंपाखाली एक बारीक छिद्र असतं. त्यातून कूलंट ठिबकत असेल तर कूलंटकडचा सील गेला, ऑइल ठिबकत असेल तर ऑइल सील. चिखलात हे छिद्र बुजतं आणि गळती बाहेर न दिसता आत ऑइलकडे वळू शकते, म्हणून दर धुण्याला ते मऊ तारेने मोकळं करा. सील बदलणं घरी जमतं, पण शाफ्टवर बोटाच्या नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर शाफ्टही बदलावा लागतो. नाहीतर तीच खाच नवा सीलही कापून टाकते.

९. इथे थांबा

खालीलपैकी एकही दिसलं तर गाडी चालू करू नका, ढकलून किंवा ट्रेलरवर घालून मेकॅनिककडे न्या:

- ऑइल दुधाळ, कॉफीसारखं. एक शक्यता अशी की खोल पाण्यात ब्रीदर नळीतून (इंजिनच्या हवा सोडणाऱ्या नळीतून) पाणी आत गेलं, दुसरी हेड गॅस्केट किंवा पंपाचा सील. ब्रीदरचं पाणी असेल तर ऑइल आणि फिल्टर लगेच बदलून, थोडं चालवून पुन्हा बदललं की ते स्वच्छ राहतं. दुसऱ्यांदाही दुधाळ झालं तर इंजिन उघडावं लागणार.
- हवा पूर्ण काढून झाल्यावरही, कॅप उघडी ठेवून थंड इंजिन चालू करताच रेडिएटरमध्ये एकसारखे बुडबुडे येतात, रेस दिली की वाढतात. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये घुसतोय. लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघणं) आणि हेडचा सपाटपणा मोजणं हे मशीन शॉपचं काम.
- सायलेन्सरमधून दाट पांढरा, गोड वासाचा धूर, गरम झाल्यावरही न थांबणारा.
- स्टार्टर अडखळून थांबतो. सिलिंडरमध्ये पाणी किंवा कूलंट साठलेलं असू शकतं. जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.
- टकटक आवाज, किंवा एकदा जबरदस्त उकळल्यानंतर कॉम्प्रेशन कमी वाटणं.
- गरम असताना चालू न होणं वाढत चाललंय. व्हॉल्व्ह क्लिअरन्स मोजून घ्या. फिल्टरमधून बारीक माती आत गेली की व्हॉल्व्हची तोंडं झिजतात आणि क्लिअरन्स कमी होत जातो, विशेषतः टायटॅनियम व्हॉल्व्हच्या ४५० इंजिनांत. शिम (क्लिअरन्स ठरवणारी छोटी चकती) बदलून एकदा निभावतं. थोड्याच दिवसांत पुन्हा शिम लागला तर व्हॉल्व्ह संपलेत.

वाटेतच उकळली तर इंजिन बंद करा, तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, कॅपला हात लावू नका. ती थंड होईपर्यंत काडीने रेडिएटरसमोरचा ओला चिखल हलक्या हाताने काढता येतो, पाकळ्यांना न टेकता.

मेकॅनिककडे गाडी देताना एका कागदावर लिहून द्या: किती मिनिटांनी तापते, दोन्ही होजचे आकडे, फॅन चालू असतानाचं व्होल्टेज, दर फेरीला किती मिलिलिटर कूलंट भरावं लागतं, टायर आणि स्प्रॉकेटचे सध्याचे माप, काय काय बदलून झालंय. त्याची पहिली दोन तासांची मजुरी वाचते, आणि तो थेट हेडपासून किंवा पंपापासून सुरुवात करू शकतो.